निवेदन दिलंत, पोच घेतलीत का?

विधिमंडळाचं अधिवेशन जवळ आलं की मानवी हक्कांच्या कामासाठी आमदारांकडे जाणाऱ्या स्वयंसेवकांची पत्रं वाढतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यातले पाच.

कोठडीतल्या मारहाणीबद्दल आमदारांना भेटावं की खासदारांना? (कुर्ला)

आमदारांना. पोलीस आणि तुरुंग हे राज्याचे विषय. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अंतिम मान्यता दिलेली नाही. त्यासाठी मात्र खासदार गाठा.

आमचे आमदार मंत्री आहेत. ते तारांकित प्रश्न लावतील का? (ठिकाण दिलेलं नाही)

नाही. तारांकित प्रश्न म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणारा प्रश्न; मंत्री तो विचारत नाहीत, उत्तरं देतात. शेजारच्या मतदारसंघात विचारा, मुंबईत छत्तीस आमदार आहेत.

सेप्टिक टँकमध्ये उतरलेला आमच्या वस्तीतला कामगार गेल्या वर्षी गुदमरून गेला. सात आमदारांना निवेदनं दिली, फोटो जोडले आहेत. आता मानवी हक्क आयोगाकडे जावं का? (गोवंडी)

पत्रात मृत्यूची तारीख कुठेच नाही, फोटो मात्र नऊ! प्रत्येकात मधोमध आमदार, त्यांच्या हाती पुष्पगुच्छ आणि अगदी कडेला, अर्धी कापली गेलेली, प्लास्टिकची पिशवी छातीशी धरलेली बाई. ती मृताची पत्नी असावी. फोटो पुढे पाठवण्याआधी तिला विचारलं होतंत?

घटनेला एक वर्ष उलटलं की आयोग चौकशी करू शकत नाही. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याचं कलम ३६ तसंच आहे. हे वर्ष घटनेच्या दिवसापासून मोजतात, शेवटच्या निवेदनापासून नव्हे. ‘साहेब बघतो म्हणालेत’ म्हणून ते थांबत नाही. दरवर्षी दोन-तीन चांगली प्रकरणं माझ्याकडे मुदत संपल्यावर येतात आणि फाईलमध्ये असेच हसरे फोटो असतात.

आमदारांकडे जरूर जा, पण एक पान न्या: तारीख, पोलीस ठाणं, एफआयआर क्रमांक, एकच मागणी. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या; फोटोवर तो नसतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारातल्या मृत्यूंची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. तेव्हा कंत्राटदार लाख-दीड लाख टेकवून ‘मिटवून टाका’ म्हणत असेल, तर त्या बाईंनी कशावरही सही करू नये. याच आठवड्यात वकील गाठा. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मुदत उरली आहे का आणि संपली असेल तर दुसरा रस्ता कोणता, हे कागद बघूनच सांगता येईल.

एक एजन्सी पन्नास हजारांत दहा हजार सह्या आणि आमदारांची भेट मिळवून देते म्हणे. (मालाड)

पैसे देऊ नका. भेट फुकट असते. सह्या बघून आमदारांचे पीए पहिलं विचारतात, ‘यातले आपल्या मतदारसंघातले किती?’ आणि त्या पन्नास हजारांतला काही वाटा ‘वर’ जाणार असेल, तर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो.

जातपंचायतीच्या बहिष्काराविरुद्ध कायदाच नाही असं ऐकलं. तो करून घ्यायला नागपूरच्या अधिवेशनात जाणार आहोत. (विक्रोळी)

कुणाकडून ऐकलं? विधिमंडळाने हा कायदा २०१६ मध्येच मंजूर केला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमच्या पोलीस परिमंडळात त्याखाली किती गुन्हे नोंदले, ते आधी माहिती अधिकारात मागवा आणि त्या अर्जाचा मसुदा एखाद्या वकिलाला दाखवून घ्या. ते उत्तर घेऊन आमदारांना इथेच, त्यांच्या कार्यालयात भेटा. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते. नागपूरला पोहोचेपर्यंत ती वेळ निघून गेलेली असेल.