झोपेत श्वास अडतो, मास्क सोसवत नाही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय 61. स्लीप स्टडीत (रात्रभर झोपेच्या तपासणीत) तासाला 38 वेळा श्वास अडतो असं निघालं. मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं सीपॅप मशीन घेतलं, पण उन्हाळ्यात कूलरसमोरही घसा कोरडा पडतो आणि मध्यरात्री मास्क काढून फेकतो. मुलगा म्हणतो, आता छातीत बसवायचं यंत्र आलंय. बसवून घेऊ का? (निवृत्त शिक्षक, मानेवाडा)

सर, आधी मास्ककडे बघू. घसा कोरडा पडतो याचा अर्थ बहुतेक वेळा तोंड उघडं राहून हवा गळतेय. मशीनमधलं कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा; हवा किती गळते, मास्क किती वाजता निघतो, सगळं त्यात नोंदलेलं असतं. मास्कचा आकार बदलणं, हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर जोडणं, नाक चोंदलेलं असल्यास त्यावर उपचार, एवढ्यावर अनेकांचं जमून जातं. विक्रेत्याने दिला तोच मास्क चेहऱ्यावर आवळून लोक महिनोन्महिने हाल काढतात, याचं मला फार वाईट वाटतं. हे सगळं करूनही जमलं नाही, तरच यंत्राचा विचार करा.

प्रश्न : हे यंत्र नेमकं काय करतं? रात्रभर जिभेला शॉक बसतो का? (वाचक, महाल)

शॉक नाही. झोपेत स्नायू सैलावतात, जीभ मागे सरकते आणि घसा बंद होतो. उजव्या कॉलरबोनखाली छोटं यंत्र बसवतात. त्याची वायर जबड्याखाली हायपोग्लॉसल नसेपर्यंत जाते. जीभ हलते ती याच नसेमुळे. श्वास आत घेताना यंत्र नसेला हलका करंट देतं, जीभ पुढे येते, वाट मोकळी होते. झोपताना रिमोटने सुरू करायचं, सकाळी बंद करायचं. ज्या रात्री बंद राहिलं, त्या रात्री श्वास पुन्हा अडणार.

शस्त्रक्रियेनंतर साधारण महिन्याने यंत्र चालू करतात आणि करंट हळूहळू वाढवतात. सुरुवातीला जीभ खालच्या दातांवर घासून दुखते, कधी काही दिवस अशक्त वाटते. बॅटरी सुमारे दहा-अकरा वर्षांनी बदलावी लागते, म्हणजे पुन्हा छोटी शस्त्रक्रिया.

2014 साली 126 रुग्णांवरचा या यंत्राचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात श्वास अडण्याचं तासाचं मध्यक प्रमाण वर्षभरात 29 वरून 9 वर आलं, आणि त्याच वर्षी यंत्राला अमेरिकेत मान्यता मिळाली. पण हे रुग्ण निवडून घेतलेले होते, हे विसरू नका. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 32 पर्यंतचाच. शिवाय औषधाने झोपवून दुर्बिणीने घसा तपासलेला. टाळूपाशी घसा चारही बाजूंनी मिटत असेल, तर त्या रुग्णाला अभ्यासात घेतलंच नव्हतं.

प्रश्न : यजमान 110 किलोचे आहेत. प्रचंड घोरतात, दिवसा बसल्या जागी डुलक्या घेतात. कामासाठी समृद्धीवरून रात्री मुंबईला स्वतः गाडी चालवत जातात. मास्क नको म्हणतात. थेट ऑपरेशन करता येईल का? (गृहिणी, धरमपेठ)

ताई, रात्रीचं ड्रायव्हिंग आजपासून बंद. समृद्धीसारख्या सरळ, मोकळ्या रस्त्यावर डुलकी लागायला क्षणही पुरतो. तपासणी होऊन उपचार लागू पडेपर्यंत ड्रायव्हर ठेवा किंवा रेल्वेने पाठवा. यावर त्यांच्याशी भांडावं लागलं तरी भांडा.

नंतर स्लीप स्टडी. ती झाल्याशिवाय ऑपरेशनचा विषयच निघत नाही. इतक्या वजनाला यंत्राचा फायदा कमी मिळण्याची शक्यता आहे, म्हणून आधी सीपॅप आणि त्यासोबत वजन कमी करणं. लठ्ठपणा असलेल्या स्लीप ॲप्नियाच्या (झोपेत श्वास अडण्याच्या आजाराच्या) रुग्णांसाठी टिर्झेपेटाइड या वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये मान्यता मिळाली आहे. ते योग्य आहे का, हे फिजिशियनला विचारा. व्हॉट्सॲपवर वाचून सुरू करू नका.

प्रश्न : ऑपरेशनला तयार आहे. डॉक्टरांना काय विचारू? (वाचक, वर्धा रोड)

आपल्याकडे ही शस्त्रक्रिया अजून सर्रास होत नाही, त्यामुळे नंतरचं आधी विचारा. करंटचं सेटिंग कोण करणार, त्यासाठी किती वेळा बाहेरगावी जावं लागेल, बॅटरी बदलायचा खर्च किती, तुमच्या मॉडेलवर एमआरआय चालतो का आणि कोणत्या अटींवर. विम्याचं उत्तर मात्र कंपनीकडून लेखी घ्या.