वाचक विचारतात : एमिलच्या खिशातली टाचणी

एरिश केस्टनर यांच्या १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन बालकादंबरीविषयी, म्हणजेच एमिल टिशबाइन या मुलाच्या रहस्यकथेविषयी, मागच्या अंकात आम्ही वाचकांची मते मागवली होती. लोकांचे केस धुऊन-विंचरून घर चालवणाऱ्या विधवा आईचा हा मुलगा आजीला द्यायचे १२० मार्क आणि स्वतःच्या खर्चाचे २० मार्क जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवून एकटाच रेल्वेने बर्लिनला निघतो. वाटेत त्याचा डोळा लागतो, पैसे चोरीला जातात आणि मग शहरातल्या अनोळखी पोरांना बरोबर घेऊन तो चोराला गाठतो. नागपूरहून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

धरमपेठेतील एक निवृत्त शिक्षिका लिहितात : चोरी झाल्याबरोबर पोलिसांकडे न जाता चोराचा पाठलाग करणारा मुलगा आम्ही विद्यार्थ्यांपुढे आदर्श म्हणून ठेवायचा काय? मला तर तो स्वावलंबी नव्हे, आगाऊ वाटला.

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे, परंतु एमिल पोलिसांना टाळतो त्यामागे धाडस नसून भीती आहे, हे विसरता येत नाही. गावातल्या एका सरंजामदाराच्या पुतळ्याला त्याने मित्रांच्या साथीने लाल नाक आणि काळ्या मिशा रंगवलेल्या असतात, आणि ते उघडकीस येऊन आपल्यालाच आत टाकतील या धास्तीने त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. जेवताना कुरकुर करणाऱ्या पोराला ‘पोलिसाला बोलावू का?’ असे आपल्याकडेही सर्रास विचारले जाते. तेच पोर पुढे खरोखर अडचणीत सापडले, तर पोलिसापाशी कोणत्या तोंडाने जाणार? वर्गात हे पुस्तक वाचताना आपण हाच प्रश्न मुलांना विचारावा. उत्तरे ऐकण्याजोगी येतील. ‘आगाऊ’ हा शब्द मात्र मला मान्य नाही, कारण आईने किती कष्टाने ते पैसे जमवले आहेत याची जाणीव त्या मुलाला पदोपदी आहे.

मनीषनगरच्या एक वाचक विचारतात : मी रोज रात्री हे पुस्तक इंग्रजीतून पाहत मराठीत वाचून दाखवले. आता माझी नऊ वर्षांची मुलगी आजीकडे वर्ध्याला एकटीच रेल्वेने जाण्याचा हट्ट धरून बसली आहे. सासूबाई म्हणतात, पुस्तकच बंद करा. मी काय करावे?

उत्तर : तिला एकटीला पाठवू नये आणि पुस्तकही बंद करू नये. नागपूर ते वर्धा हा प्रवास तासा-दीड तासाचाच असला, तरी चेन्नईकडच्या कितीतरी गाड्या वर्धा स्थानकावर न जाता सेवाग्रामलाच थांबून पुढे निघून जातात, आणि तिथे मोठी माणसेही गोंधळतात. एमिलसुद्धा ठरलेल्या स्थानकाआधीच उतरतो. तो चोराच्या मागे उतरतो, आपली मुलगी नजरचुकीने उतरेल, एवढाच फरक. तेव्हा या सुटीत आपण तिच्याबरोबर जावे, परंतु कारभार तिच्या हाती द्यावा. कोणती गाडी वर्ध्याला थांबते ते तिने शोधावे, तिकीट तिने सांभाळावे, बुटीबोरी आणि सिंदी गेल्यावर सामान आवरायला तिने आपल्याला सांगावे. रेल्वेचा १३९ आणि मुलांसाठी असलेला १०९८ हे दोन्ही क्रमांक तिला तोंडपाठ असू द्यावेत.

सासूबाईंना मात्र पुस्तकाचा शेवट जरूर वाचून दाखवा. या प्रकरणातून काय शिकलो, यावर तिथे घरातच एकमत होत नाही. एमिल म्हणतो, कुणावर विश्वास ठेवू नये. आई म्हणते, मुलांना एकटे प्रवासाला पाठवू नये. आणि आजी दोघांनाही उडवून लावत सांगते की पैसे नेहमी मनिऑर्डरनेच पाठवावेत. माझे मत आजीच्या बाजूने आहे, आणि सासूबाईंचेही तिकडेच झुकेल असा माझा अंदाज आहे.

इतवारीतील एक आजोबा लिहितात : आमच्या भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे असताना जर्मन पोराचे कौतुक कशासाठी?

उत्तर : कौतुक दोघांचेही करता येईल. फुरसुंगीचा बन्या, म्हणजेच फास्टर फेणे, सायकलवर टांग टाकून संकटाच्या दिशेने सुसाट निघतो, तर एमिलवर संकट झोपेत येऊन आदळते. वेग हे बन्याचे बळ आहे. एमिलचे बळ मदत मागण्यात आणि कामे वाटून देण्यात आहे. त्याच्या टोळीतल्या सगळ्यांत धाकट्या पोराला, ज्याला सगळे ‘मंगळवार’ म्हणतात, घरी टेलिफोनपाशी बसून राहण्याचे काम मिळते. बाकीचे बाहेर चोराला घेरत असताना तो जागचा हलत नाही, आणि शेवटी आजी भर सभेत सगळ्यांत जास्त वाखाणते ती त्यालाच. आपल्या नातवंडांना दोन्ही पुस्तके द्यावीत, आणि कोणते आधी हे त्यांचे त्यांना ठरवू द्यावे.

महाल भागातील सातवीचा एक विद्यार्थी विचारतो : चोर कोण हे सुरुवातीलाच कळते. मग याला रहस्यकथा कसे म्हणायचे?

उत्तर : तुझी शंका अगदी बरोबर आहे. पण चोर माहीत असूनही एमिलला तो सिद्ध कुठे करता येतो? नोटेवर कुणाचे नाव नसते. ते पैसे माझेच, असे चोरानेही ठासून सांगितले तर ऐकणाऱ्याने कुणाचे खरे मानायचे, हे या गोष्टीतले रहस्य आहे. आता तू पहिली प्रकरणे पुन्हा उघड. गाडीत एमिल पाकीट काढतो आणि आपल्याकडे चोरखिशाला लावतात तशी एक टाचणी पाकिटातून, नोटांतून आणि अस्तरातून आरपार टोचतो. तू ते वाक्य बहुधा घाईने ओलांडलेस. मीही पहिल्या वाचनात ओलांडले होते. पुढे बँकेत रोखपाल त्या नोटा उजेडासमोर धरतो, तेव्हा त्यांना बारीक भोके असतात.