पट्टी नसलेलं पदक

वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या घरी पणजोबांचं चांदीचं पदक आहे. एका बाजूला राणीचं डोकं, दुसऱ्या बाजूला चालती फौज आणि तोफ वाहणारा हत्ती, खाली १८७८-७९-८०. ते विकायचं नाही, पण किंमत कळावी म्हणून भावानं मुंबईत एका जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "वर पट्टी नाही, म्हणजे तुमचा माणूस लढाईत नव्हताच. सामानाच्या राखणीला असेल." माझे वडील ऐंशीच्या पुढचे आहेत, त्यांना हे फार लागलं. पदकाच्या कडेवर इंग्रजीत नंबर, 'सिपॉय', मग एक नाव आणि 'फर्स्ट बॉम्बे एन. आय.' असं कोरलंय. नावाच्या शेवटी 'नाक' आहे, आमचं आडनाव वेगळं. हे आमच्याच पणजोबांचं का? ते तेव्हा सतरा-अठरा वर्षांचे असतील असं वडील म्हणतात. एवढ्या पोराला पलटणीत घेत होते का? त्यांची घरात एकच आठवण उरली आहे: तांब्यातलं उरलेलं पाणी ते कुणाला टाकू देत नसत. पेन्शनीत आल्यावर संध्याकाळी पडवीत पोरांना अक्षरं शिकवत.
– एक वाचक भगिनी, खेड तालुका

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी वडिलांना हे वाचून दाखवा, बाकीचं मागाहून: त्या व्यापाऱ्याचं म्हणणं चूक आहे.

दुसऱ्या अफगाण युद्धाचं हे पदक सरहद्द ओलांडून अफगाणिस्तानात गेलेल्यांनाच मिळालं. त्यावरच्या पट्ट्या, म्हणजे पदकाच्या वर फितीवर बसवलेल्या लढाईच्या नावाच्या धातूच्या पट्ट्या, सहा लढायांच्या: अली मशीद, पैवार कोतल, चारासिया, काबूल, अहमद खेल आणि कंदाहार. या सगळ्या सरकारनं जिंकलेल्या लढाया. त्याच युद्धात २७ जुलै १८८० ला मैवंदला सरकारी फौजेचा धुव्वा उडाला, आणि मैवंदची पट्टी काढलीच नाही. तिथून जगून वाचून आलेला माणूस पुढं १ सप्टेंबरला कंदाहारच्या लढाईत नसला, तर त्याच्या हाती कोरंच पदक पडलं. मैवंदला कोण होतं? गोऱ्यांची ६६ वी पलटण, जेकब रायफल्स म्हणून ओळखली जाणारी मुंबईची तिसावी, आणि मुंबईचीच पहिली, म्हणजे ग्रेनेडियर्स. तुमच्या पदकाच्या कडेवर तीच पहिली कोरलेली आहे; 'एन. आय.' म्हणजे नेटिव्ह इन्फन्ट्री, देशी पायदळ.

आता नाव. 'नाक' हा महार पुरुषांच्या नावाला मानानं लागणारा शेपूट. कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईतली नावं आहेत, त्यांतही तो दिसतो. पलटणीचा कारकून शिपायाचं नाव आणि बापाचं नाव लिही, आडनाव विचारायची रीत नव्हती. गावाच्या नावावरून आडनावं आली ती पुढं, शाळेच्या पटावर. म्हणून कडेवरचं नाव वेगळं दिसलं तरी दचकू नका. पणजोबांच्या वडिलांचं नाव घरात कुणाला आठवतंय का बघा, ते कडेवरच्या दुसऱ्या नावाशी जुळलं तर शंकाच मिटली. आणखी एक नाव सांगतो. १६ एप्रिल १८८० ला कंदाहारच्या वाटेवरच्या दब्राई ठाण्यात मुंबईच्या एकोणिसाव्या पलटणीचे मेजर वॉडबी आणि त्यांचे दोन शिपाई तीनशेजणांच्या हल्ल्यापुढं तीन तास टिकून मेले. त्यातला एक शिपाई सोननाक तननाक. वॉडबीच्या नावानं मुंबईत रस्ता झाला. सोननाकाचं नाव आपल्या पोरांना कुणी सांगत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

वयाचं म्हणाल तर सोळा-सतराचा पोरगा भरतीत सर्रास येई. जन्माचा दाखला कुणाकडे होता? उंची मोजायची, वय अंदाजानं लिहायचं. आपल्याकडं डोंगरउताराची वरकस जमीन, नाचणी-वरीवर दिवस काढायचे, भाताचं खाचर असलं तर खोताला त्याचा वाटा आधी. पलटणीत महिना सात रुपये, परमुलखात शिधाही सरकारी. त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यातनं, त्यातही आपल्या दापोली-खेड-मंडणगड भागातनं, किती पोरं पलटणीत गेली याला गणती नाही. माझ्या आजीच्या माहेरी तीन पिढ्या शिपाई होते. लहानपणी ती मला गोष्ट सांगायची तीसुद्धा राजाराणीची नसायची, कवायतीची असायची.

तुमचे पणजोबा कोणत्या वाटेनं गेले असतील हे सांगता येतं, कारण वाट एकच होती. मुंबईहून आगबोटीनं कराची, तिथून रेल्वे. रुकपासून सिबीपर्यंतचा १३३ मैलांचा रूळ सरकारनं या युद्धापायीच १०१ दिवसांत टाकला होता, जानेवारी १८८० मध्ये तो सिबीला पोचला. पुढं बोलन खिंडीतून क्वेट्टा आणि क्वेट्ट्याहून कंदाहार, सगळं पायी. ज्या पोरानं हिरवा डोंगर आणि समुद्र याखेरीज काही पाहिलं नव्हतं, त्याच्यापुढं दिवसेंदिवस नुसता दगड आणि धूळ. खांद्यावर स्नायडर बंदूक. गोऱ्या पलटणीकडं तिच्याहून नवी मार्टिनी-हेन्री, काळ्या पलटणींकडं मागची.

मैवंदच्या दिवशी काय झालं ते सविस्तर सांगतो, कारण वडिलांना तेच हवं असेल. जनरल बरोजच्या हाताखाली सुमारे २,५०० माणसं. समोर अफगाण सरदार अयुबखानाची कितीतरी पट फौज आणि ३० तोफा, आपल्याकडं १२. सकाळी साडेसहाच्या सुमारास तळ उठवून चाल केली, अकराच्या आसपास तोफा सुरू झाल्या. त्यानंतर कित्येक तास ग्रेनेडियर्स उघड्या माळावर पालथे पडून राहिले. आडोसा म्हणावा असं झुडूपही नव्हतं. जुलैचं ऊन, वरून गोळे, आणि सामान व पाणी मागं नाल्यापाशी. डाव्या टोकाला जेकब रायफल्सच्या दोन तुकड्या होत्या, त्यात नवी भरती बरीच. दुपारी तिथल्या तोफा दारूगोळा आणायला मागं गेल्या, गाझींनी, म्हणजे धर्मासाठी लढायला आलेल्या अफगाणांनी, उठाव केला आणि ती दोन तुकड्यांची रांग मोडून ग्रेनेडियर्सवर येऊन आदळली. मग सगळीच फळी उजवीकडं गुंडाळली गेली. त्या दिवशी फौजेतले साडेनऊशेहून अधिक मेले. ग्रेनेडियर्सची जी माणसं मैदानात होती, त्यांतली निम्म्याच्या आसपास तिथंच राहिली.

तरी माझ्या मनात तो पोरगा उभा राहतो तो लढाईतला नव्हे. लढाईत सतरा वर्षांच्या पोरानं काय करायचं ते हवालदार सांगतो: पड, ऊठ, नेम धर. त्याच्या पुढच्या रात्री सांगायला कुणी उरलं नव्हतं. कंदाहार ४५ मैल. वाटेत गावकऱ्यांच्या गोळ्या, जखमी तोफांच्या गाड्यांवर लटकलेले, आणि पाणी नाही. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही चालायचं, अर्गंदाब नदीपाशी येईपर्यंत पोटभर घोट मिळाला नाही. बसलेला माणूस पुन्हा उठत नव्हता. शेजारी बसलेल्याला सोडून पुढं जायचं की त्याला ओढायचं, हे त्या वाटेवर ज्याचं त्यानं ठरवलं. माझ्या मते तुमचे पणजोबा पोरगे होते ते त्या रात्रीपर्यंतच.

आता तुमच्या तांब्याकडं येतो. त्यांनी मैवंद घरात सांगितलं नाही, लढाईचं नावही उच्चारलं नसेल, पण उरलेलं पाणी टाकू दिलं नाही. पट्टी असती तरी तिनं मला एवढं सांगितलं नसतं. पलटणीतला कुणी कंदाहारातच राहिलेला असू शकतो हे मला ठाऊक आहे, म्हणून कोर्टात चालेल असा पुरावा हा नव्हे. पण कडेवरची पलटण, कोरी फीत आणि तो तांब्या एकत्र धरले, तर ते त्या वाटेनं चालत आले असं मी मानतो.

याच पाण्यावरून मला आणखी एक दिसतं, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. हा माणूस परत आला तेव्हा गावच्या विहिरीवर त्याला दोर टाकू देणारं कुणी नव्हतं. सरकारसाठी तहानेनं मरता मरता वाचला, आणि घरी आल्यावर ओंजळ धरून लांब उभा राहायचा. मात्र पलटणीच्या शाळेत त्याला अक्षरं मिळाली होती, ती त्यानं पडवीत वाटली. आपल्या दापोलीत त्या काळी असे पेन्शनर बरेच होते. गोपाळ बाबा वलंगकर १८८६ मध्ये फौजेतून निवृत्त होऊन इथंच राहिले आणि १८८८ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध 'विटाळ विध्वंसन' लिहिलं. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ कॅम्प दापोलीत होते. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं महारांची भरतीच बंद केली, तेव्हा त्याविरुद्ध अर्ज लिहायला हेच शिकलेले शिपाई पुढं आले. आणि २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर माणसं गेली, त्यांत फौजेतून आलेले पेन्शनर होते. तुमचे पणजोबा तोवर हयात होते का, वडिलांना विचारा. नसले तरी पडवीतल्या पोरांपैकी कुणी गेलं होतं का, हेही विचारा.

पदक चिंचेनं, राखेनं किंवा ब्रासोनं घासू नका. चांदी काळी पडू दे, कडेवरची अक्षरं झिजली तर सगळंच गेलं. पातळ कागद कडेवर धरून वर मऊ पेन्सिल आडवी फिरवा, नंबर आणि नाव उमटेल, त्याच्या दोन प्रती ठेवा. फीत गेली असेल तर नवी शिवून घ्या: हिरवी, दोन्ही कडांना किरमिजी पट्टे. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथं मुंबई सरकारच्या लष्करी खात्याची जुनी दप्तरं बघता येतात. भावाला कागदाची प्रत घेऊन तिकडं पाठवा. नंबर मलाही कळवा. आणि वडील पडवीतल्या शाळेत बसले नसतील, पण त्यांचे वडील बसले असतील. ते काय सांगायचे, तेवढं आजच वहीत उतरवून घ्या.