इसब आटोक्यात येत नाही तेव्हा

प्रश्न : वय 38. लहानपणापासून इसब आहे. सायक्लोस्पोरिन, मग मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या) घेऊन झालं. खाज पुन्हा तशीच. आता ड्युपिलुमॅबचं इंजेक्शन सुचवलंय. प्रत्यक्ष वापरातल्या परदेशी अभ्यासांवर किती विसंबावं?

उत्तर : तुमच्यासाठी तेच जास्त कामाचे. मंजुरीपूर्व चाचण्यांत रुग्ण पारखून घेतात. नेदरलँड्सच्या 'बायोडे' या रोजच्या उपचारातल्या रुग्णांच्या नोंदवहीत मात्र गोळ्यांचा गुण न आलेले किंवा त्या न सोसलेलेच बहुतेक असतात. तिथल्या 138 प्रौढांपैकी 62 टक्क्यांचा इसब 16 आठवड्यांत किमान तीन-चतुर्थांश उतरला. पण 34 टक्क्यांचे डोळे लाल होऊन चुरचुरले. चाचण्यांपेक्षा बरेच जास्त. डोळे आधीच खाजत असतील तर नेत्रतज्ज्ञांना आधी भेटा.

हे सगळं श्रेय इंजेक्शनचं मात्र नाही. नोंदवहीत तुलनेला औषधाविना गट नसतो, मलमं सोबत चालूच असतात, आणि इसब भडकलेला असतानाच उपचार सुरू होतात. तो थोडा आपोआपही ओसरतो.

पहिल्या दिवशी 600 मि.ग्रॅ. (300 च्या दोन सुया), पुढे दर दोन आठवड्यांनी 300. सिरिंज फ्रिजबाहेर काढून 45 मिनिटं ठेवा. थंड औषध टोचताना झोंबतं. 16 आठवड्यांआधी निकाल लावू नका.

इंजेक्शन सुरू करण्याआधी एक उलटतपासणी. मेथोट्रेक्सेट पुरेशा डोसात किमान तीन महिने झालं होतं का? मलम किती लागत होतं? बोटाच्या शेवटच्या पेरावर पिळलेली रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम, ती बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. अंगभर इसब आणि 15 ग्रॅमची ट्यूब महिनाभर चालत असेल, तर मलम हरलं नाही, ते लागलंच नाही. दुकानातून आणलेल्या स्टिरॉइडमिश्रित मलमाने नायटाही रूप बदलून इसबासारखा दिसतो, डॉक्टरांकडून त्वचा खरवडून तपासून घ्या. पॅच टेस्टही (त्वचेला लागणाऱ्या वस्तूंच्या ॲलर्जीची तपासणी) राहिली असेल तर करून घ्या.

प्रश्न : त्याऐवजी अपाडासिटिनिबची गोळी?

उत्तर : खाज काही दिवसांतच उतरते, हा मोठा फायदा. पण सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी (आपल्याकडे ही टाळूच नये), हिपॅटायटिस बी-सी, रक्तपेशी, यकृत, कोलेस्टेरॉल. रक्ततपासण्या साधारण तीन महिन्यांनी पुन्हा. नागीण उठण्याचा धोका वाढतो, म्हणून लसीबद्दल आधीच विचारा. वय 65 च्या पुढे, धूम्रपान किंवा हृदयविकार असेल तर इंजेक्शनच आधी.