संधिवाताचे हात आणि इन्सुलिनचे पेन

गुहागरच्या आपल्या सासूबाईंना संधिवातामुळे इन्सुलिनच्या पेनचे (मधुमेहाचे औषध टोचण्याच्या पेनासारख्या साधनाचे) बटण शेवटपर्यंत दाबता येत नाही आणि दवाखान्यात मात्र ‘सवय होईल’ असे सांगतात, हे आपण लिहिलेले वाचून राहवले नाही. जागा बदलून टोचणे, टोचण्याआधी दोन युनिट (युनिट म्हणजे इन्सुलिनचे माप) हवेत सोडून पाहणे वगैरे आपल्याला ठाऊक असेलच, ते सोडून देतो. मी डॉक्टर नाही. दापोलीजवळच्या गावी आईचे इन्सुलिन सांभाळत आलेला मुलगा आहे, त्यामुळे मात्रेबाबत माझे काहीही प्रमाण मानू नये.

आईला औषधे निवृत्तांसाठीच्या एका योजनेतून मिळत. ती आधी जे भरलेले पेन वापरत असे, त्यात स्प्रिंग होती. बटण बाहेर येत नसे आणि अंगठ्याच्या हलक्या दाबानेही औषध आत जाई. एके महिन्यात त्या योजनेच्या कार्यालयाने तिला काहीही न विचारता कार्ट्रिज, म्हणजे औषधाची छोटी नळी, बदलण्याचे पेन हाती दिले. ‘औषध तेच आहे, पेनने काय फरक पडतो?’ एवढेच उत्तर मिळाले. फरक असा पडला की नव्या पेनात जितकी युनिट जास्त, तितके बटण लांब बाहेर येई. आखडलेल्या बोटांनी पेन धरून अंगठा तिथवर पोचेना, म्हणून ती पेन मुठीत आवळून दुसऱ्या तळव्याने दाबू लागली. सुई आत हलायची, दुखायचे आणि पेनवरच्या छोट्या खिडकीतला आकडा शून्यावर येण्याआधीच ती सुई काढून घ्यायची. साखर वाढत गेली. ती टोचते कशी हे कोणीही पाहिले नाही. तपासणीचा कागद पाहून मात्रा तेवढी वाढवली गेली. पुढे सुट्टीत आलेल्या भाचीने ती वाढीव मात्रा पुरती टोचली, तेव्हा साखर फार उतरून पहाटे आई घामाने निथळत असंबद्ध बोलत होती. साखरपाणी वेळेवर पोटात गेले म्हणून निभावले. माझ्या तक्रारीवर त्या कार्यालयाने कळवले की रुग्णाच्या पसंतीचा विचार करण्याची तरतूद नाही. माझे स्पष्ट मत आहे की ज्या हातांनी रोज टोचायचे आहे ते हात न पाहता पेन ठरवणे, हा उपचारातलाच दोष आहे.

म्हणून दवाखान्यात सरावाचे, बिनऔषधाचे पेन मागावे आणि टोपण काढण्यापासून बटण दाबून दहा आकडे मोजेपर्यंत सर्व काही सासूबाईंनाच करू द्यावे. आपण मध्ये हात घालू नये. आकडे दिसतात का, युनिट फिरवताना होणारा टकटक आवाज ऐकू येतो का, अंगठा बटणावर सहज बसतो का, हे त्याच सांगू शकतील. एकाला सोयीचे ते दुसऱ्याला असेलच असे नाही. माझ्या मामांना तेच कार्ट्रिजचे पेन आवडते, कारण ते हातात भरीव लागते आणि खर्चही कमी येतो. सुई ४ मिलिमीटरची मागावी. बहुतेक प्रौढांना, अंगाने स्थूल असले तरी, ती पुरते.

कोणी बाटली आणि सिरिंज सुचवली, तर एक धोका लक्षात ठेवावा. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांत मिलिलिटरला ४० युनिट असतात, पेनच्या कार्ट्रिजमध्ये साधारणपणे १००. कार्ट्रिजमधले औषध ४० युनिटच्या बाटलीसाठीच्या सिरिंजने ओढल्यास अडीचपट मात्रा जाते.

साठवणीचेही सांगतो, कारण जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे वीज बराच काळ नव्हती. इन्सुलिन गार राहावे म्हणून मडक्यात ठेवण्याचा सल्ला देशावर ठीक आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, मडके फारसे गार होत नाही. बर्फाच्या पेटीत ठेवल्यास पेन बर्फाला टेकू देऊ नये. गोठलेले इन्सुलिन वापरू नये.

आणि डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधाच्या नावासोबत पेनचा प्रकार, सुईची लांबी आणि ‘हातांना संधिवात असल्याने दुसरे पेन देऊ नये’ असे लिहून, सही-शिक्क्यासह घ्यावे. आईला तिचे पेन परत मिळाले ते या एका ओळीमुळेच; माझ्या अर्जांना कोणी दाद दिली नव्हती.