रंगाचं वेळापत्रक उन्हाला विचारून

प्रश्न: ताई, यंदा मुलांच्या सुट्टीत घर स्वतःच दुरुस्त करून रंगवायचं ठरलं आहे. घरात आम्ही दोघं, १६ वर्षांचा मुलगा, १० वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेले सासरे. हॉलच्या जुन्या रंगाचे पोपडे निघालेत, खिडकीखालचा गिलावा पोकळ वाजतो. नवऱ्याचं म्हणणं, सगळं घर एकदम रिकामं करू, सकाळपासून रात्रीपर्यंत लागू आणि उरकून टाकू. उन्हाळ्यात रंग पटकन वाळतो, हेच तर बरं. मला धास्ती वाटते. माझं चुकतंय का?

उत्तर: अजिबात नाही. माझी सगळी नोकरी साइटवर देखरेख करण्यात गेली, त्यामुळे ‘पटकन वाळतो’ हे कानावर पडलं की मी आधी भिंतीला हात लावून बघते. तळवा टेकवून ठेवता येत नसेल, तर त्या भिंतीवर त्या वेळी रंग लावायचा नाही. रंगाच्या डब्यावर तापमानाची मर्यादा छापलेली असते, बहुधा ३५ अंशांच्या आसपास. ती हवेपुरती समजू नका. ऊन खाल्लेली भिंत हवेपेक्षा बरीच जास्त तापलेली असते.

रंग वरवर वाळणं आणि नीट बसणं या दोन वेगळ्या गोष्टी. तापलेल्या भिंतीवर पाणी झटकन उडून जातं आणि रंगाला एकसंध पापुद्रा धरायला सवडच मिळत नाही. शिवाय रोलरचा एक पट्टा मारून दुसरा मारेपर्यंत पहिल्याची कड सुकते. मग जोड दिसतात, आणि संध्याकाळी दिवा लावला की अख्खी भिंत पट्ट्यापट्ट्यांची. यावर उपाय तुमच्या घरातच आहे. एकाने ब्रशने कडा-कोपरे धरायचे, दुसऱ्याने लगेच मागून रोलर फिरवायचा. मधे थांबायचं नाही. थांबायचंच तर कोपऱ्यावर. ट्रेमध्ये थोडाच रंग ओता, डब्याचं झाकण लावून ठेवा. आणि घट्ट झाला म्हणून कोणी भसाभस पाणी ओतू लागलं, तर त्याच्या हातून पाण्याचं भांडं काढून घ्या!

वेळापत्रक खोलीप्रमाणे नको, उन्हाप्रमाणे करा. पश्चिमेच्या भिंती सकाळी, पूर्वेच्या ऊन कलल्यावर. भर दुपारी काम बंद. आणि एक खोली शेवटपर्यंत अजिबात कामाला काढायची नाही: गाद्या, पंखा, पाणी, सासऱ्यांची औषधं, सगळं तिथे. सगळं घर एकदम रिकामं करण्याला माझा साफ विरोध आहे. दमलेल्या माणसाला पाठ टेकायला जागा नसेल, तर तिसऱ्या दिवशी भांडण ठरलेलं.

आता खिडकीखालचा गिलावा. पोकळ वाजतो तेवढा छिन्नीने काढा, आतली वीट झाडून भरपूर भिजवा, मगच सिमेंट-वाळूचा माल लावा. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते. सिमेंटला ताकद येते ती पाण्याशी होणाऱ्या प्रक्रियेतून, नुसतं वाळून नव्हे. म्हणून पुढचे ७ दिवस तो भाग ओला ठेवायचा. वर ओलं गोणपाट लावलं की दुपारी तडे जात नाहीत. हे काम १० वर्षांच्या मुलीला द्या. फवारणीची बाटली आणि जबाबदारी, दोन्ही तिला आवडतील. त्या तुकड्यावर रंगाची घाई नको, साधारण ४ आठवडे जाऊ द्या. म्हणजेच गिलाव्याचं काम सगळ्यात आधी काढायचं.

दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग असेल, तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. खुणेच्या पुढे सरकली, तर लांबी (भेगा बुजवायचा लगदा) भरू नका, इंजिनीअरला दाखवा.

पोपडे कोरडे घासायचे नाहीत. जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, म्हणजे त्याआधी ते किती सर्रास असेल बघा. पाणी फवारून ओलं खरवडा, एन-९५ मास्क लावा, कचरा झाडूऐवजी ओल्या फडक्याने गोळा करा. हे होईपर्यंत मुलीला त्या खोलीत पाऊल टाकू देऊ नका.

माणसांचं आता. अंगाला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. पहिल्या दिवशी पूर्ण कामाचा पाचवा हिस्सा करा आणि रोज थोडं वाढवत न्या. तहान लागायची वाट न पाहता घोट घोट पाणी प्या. सासरे रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असतील, तर उन्हाळ्यात पाणी किती प्यावं हे डॉक्टरांना आधीच विचारा. अंगातलं पाणी अशा वेळी लवकर कमी होतं. त्यांना शिडी नको, पण डब्यांचा हिशेब आणि तुम्हाला वेळेवर खाली उतरवणं हे काम त्यांनाच शोभेल. चक्कर आल्यासारखं वाटलं की शिडीवरून खाली उतरायचंच. कोणी असंबद्ध बोलू लागलं, अंग तापलेलं लागलं, तर तो उष्माघात समजा: रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतत वारा घाला. आणि स्विचबोर्डाच्या आसपास काम करताना मेन स्विच बंद. घामेजल्या हाताला विजेचा झटका जास्त बसतो.

प्रश्न: बाहेरच्या भिंतीला उन्हाळ्यात रंग दिला, काही दिवसांत फुगे आले. रंग खराब होता का?

उत्तर: एक फुगा ब्लेडने कापा आणि आत बघा. फक्त रंगाचा वरचा हात (थर) सुटला असेल आणि खालचा जुना रंग घट्ट असेल, तर भिंत तापलेली असताना रंग लागला आहे. फुगे खरवडा, पॉलिश पेपर मारा, सावली आल्यावर पुन्हा रंगवा. थेट गिलावा दिसत असेल, हाताला ओल लागत असेल, तर पाणी मागून येतंय. गळती सापडून भिंत सुकेपर्यंत नवा डबा उघडू नका.