उताऱ्याचा सारांश, जमाखर्चाचा गोषवारा

संक्षेप आणि सारांश एकच ना? वर्गात मी दोन्ही शब्द आलटूनपालटून वापरते. (एक शिक्षिका, खानापूर)

बोलताना चालून जातं, शिकवताना नको, बाई. 'संक्षेप'मध्ये क्षिप् धातू आहे, म्हणजे फेकणं, टाकणं. पसरलेलं एकत्र टाकलं की जागा कमी लागते. मजकूर तोच, क्रम तोच, शब्दही बहुतेक लेखकाचेच. नुसता अंग चोरून बसलेला. सारांशात सार तेवढं उरतं आणि ते सांगणाऱ्याच्या शब्दांत येतं.

हे वाक्य घ्या: 'गुरुवारी रात्री झालेल्या वळवाच्या पावसात गल्लीच्या तोंडावरचा जुना पिंपळ विजेच्या तारांवर पडला, दोन खांब वाकले आणि शुक्रवारी दुपारी चारपर्यंत गल्लीत वीज नव्हती.'

संक्षेप: 'गुरुवारी रात्री वळवाच्या पावसात पिंपळ तारांवर पडला; शुक्रवारी चारपर्यंत वीज नव्हती.'

सारांश: 'तारांवर झाड पडल्याने गल्ली दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विजेविना होती.'

पिंपळ गेला, झाड उरलं. काय गाळायचं हे ठरवणारा सारांशात मोठा माणूस होऊन बसतो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या अहवालाचा सारांश आपल्याकडे चहाच्या टपरीवर एका दमात सांगतात: 'बेळगाव कर्नाटकाला दिलं.' खोटं नाही. पण १९६७च्या त्याच अहवालात निपाणी, खानापूरसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत अशीही शिफारस होती. तुमच्या खानापूरकराला तो टपरीवरचा सारांश कसा पुरेल?

आमच्या महिला सोसायटीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरी 'अहवालाचा गोषवारा' वाचतात. सारांश म्हटलं तर हसतात. बरोबर कोण? (शहापूर, बेळगाव)

हसण्यासारखं काही नाही, दोघीही बरोबर. फक्त गोषवाऱ्याचा जीव आकड्यांत रमतो. ठेवी किती, कर्ज किती, थकबाकी किती, असं एका पानावर मांडलं की तो गोषवारा. शब्द फारसी आहे. 'गोश' म्हणजे कान, आणि 'गोशवारा' हे कानातल्या दागिन्याचं नाव. तोच शब्द हिशेबाच्या तक्त्यालाही लागला. दप्तरातून तो मराठीत मुरला आणि कन्नडमध्येही 'गोष्वारे' म्हणून नांदतो. तेव्हा तुमच्या कन्नड सभासदांना हा शब्द सारांशाइतकाच ओळखीचा असणार.

वर्षभरातल्या कामांची हकीकत सांगायची तर सारांश म्हणा, जमाखर्चाला गोषवारा. सभेत काय बोललं गेलं, काय ठरलं, त्याची नोंद मात्र इतिवृत्त. ते या दोन्हींत बसत नाही, कारण तिथे ठराव शब्दशः लागतो. ठरावाचा सारांश लिहून ठेवलात तर पुढच्या सभेत भांडण ठरलेलं.

नातवाला परीक्षेत 'उताऱ्याचा सारांश लिहा' असं आलं. आम्ही उतारा म्हणतो तो शेताचा! (निपाणी)

आजोबा, शब्द एकच, घरं अनेक. वहीतून उतरवून घेतलेलं ते सगळं उतारा. शेताच्या नोंदीचाही आणि पुस्तकातल्या परिच्छेदाचाही. कर्नाटकाच्या सरकारी कागदावर शेताच्या नोंदीला 'पहणी' असलं तरी आपल्या भागात उताराच म्हणतात, कन्नड बोलणारेसुद्धा. (विषावरचा उतारा आणि तिकटीवर टाकलेला उतारा यांना आज बाहेरच ठेवू.)

नातवाला एवढं सांगा: मूळ उताऱ्याच्या साधारण एक तृतीयांश, स्वतःच्या शब्दांत, दाखले आणि अलंकार गाळून, वर नेमकं शीर्षक. आणि शेताच्या उताऱ्याचा सारांश कधी करू नये. त्यात गुंठाही गाळता येत नाही.

'संक्षिप्तीकरण' शब्द बरोबर आहे का? (चिकोडी)

व्याकरणात बसतो, कानात बसत नाही. 'संक्षेप करणे' असताना तो कशाला? घरी तर 'थोडक्यात सांग की' एवढ्यावर सगळं भागतं.

'म. ए. समिती' (महाराष्ट्र एकीकरण समिती), 'ता. क.' हेही संक्षेप का? (अनगोळ)

ती संक्षिप्त रूपं, किंवा लघुरूपं. मजकूर आखडला तर संक्षेप, शब्द आखडला तर लघुरूप. प्रत्येक तुटलेल्या शब्दापुढे टिंब द्यायचं: 'ता. क.', ताजा कलम. लग्नपत्रिकेत 'चि. सौ. कां.' लिहिताना लोक तिसरं टिंब हमखास विसरतात. कांक्षिणी अर्धवट तोडलेली आहे, तिला टिंब हवंच.